इस्रोच्या नावाखाली दीड लाख भरू नका ताई, पोरीला पॉलिटेक्निकला टाका

ताई नमस्कार, पत्र मिळालं. असाच प्रश्न बऱ्याच घरात चालू असतो म्हणून तुमचं नाव-गाव न टाकता आधी थोडक्यात सांगतो आणि मग उत्तर देतो.

तर ताई रेणापूर तालुक्यातल्या, अंगणवाडी सेविका. मालक शेती करतात, चार एकर कोरडवाहू. मुलगी यंदा दहावी झाली, ८६ टक्के, गणितात ९३, इंग्रजीत ६१. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या टीव्हीवर चांद्रयान-३ उतरताना बघितलं तेव्हापासून तिच्या डोक्यात इस्रो बसलंय ते निघंना. मामा म्हणायलेत लातूरला ठेवा आणि नीटची तयारी करू द्या, आणि लातुरातल्याच एका क्लासवाल्यानं "इस्रो-नासा फाउंडेशन बॅच" म्हणून दोन वर्षांचे १ लाख ६० हजार सांगितलेत, त्यातले ५ हजार ताईंनी बुकिंगला भरून पण टाकले. आता विचारायलेत की बाकीचे भरू का, आणि शेवटी एक ओळ लिहिलीय की "आमच्यासारख्यानं असलं मोठं डोक्यात घ्यावं का?"

घ्यावं की, त्यात विचारायचं काय. पण पैसे भरू नका. एक रुपया पण नाही.

कारण इस्रोची अशी कुठली फाउंडेशन परीक्षाच नसते हो. इस्रो भरती करतं ते तुमची पदवी बघून. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर असल्या साध्या ब्रँचचं बीई किंवा बीटेक पाहिजे, कमीत कमी ६५ टक्के पाहिजेत, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत, झालं. त्यात आठवी-दहावीला कुठली बॅच लावली होती हे कुणी विचारत नाही. आणि नासाचं तर सोडूनच द्या, तिथं नोकरीला साधारण अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं. आपल्याकडं चौकाचौकात "अमक्याच्या कन्येची नासात निवड" म्हणून बॅनर लागतात ना, त्यातले बरेचसे पैसे भरून केलेल्या सहली असतात, फिरून यायचं आणि सर्टिफिकेट आणायचं. ट्रिपला माझा विरोध नाही, ज्याच्याकडं पैसे आहेत त्यानं जावं, पण त्याला निवड म्हणू नये.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट सांगतो, जी तुम्ही सहज लिहून गेलात. वारं सुटलं की डिशची छत्री हलते आणि मग ही पोरगी माळवदावर चढून मोबाइलमधलं होकायंत्र लावून नट ढिला करते, छत्री बोटभर सरकवते आणि खाली भावाला ओरडून विचारते सिग्नल किती झाला. तुम्ही लिहिलंय "ऐकत नाही, पडली म्हणजे?" ताई, आपल्याकडच्या छत्र्या साधारण दक्षिण-आग्नेयेकडं तोंड करून असतात कारण टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६ हजार किलोमीटरवर असतात, आणि ते पृथ्वीच्याच वेगानं फिरतात म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे असतात. एवढ्या लांबचं निशाण, त्यामुळं इथं बोटभर फरक पडला की चित्र गायब. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, हातानं करून कळलंय. आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आभाळात जळत जाणाऱ्या उजेडाचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरले, कुणी उल्का म्हणायलं कुणी एलियन, तेव्हा हिनं घरात सांगितलं की हा रॉकेटचा तुकडा असणार. बरोबर होतं तिचं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं भली मोठी धातूची रिंग पडलेली सापडली, आणि ती चिनी रॉकेटची असावी असंच जाणकारांनी पण सांगितलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, अशा लेकराला दोन वर्षं खोलीत बसवून गोळे भरायला लावू नका. नीट तर नकोच, परीक्षा चांगलीय पण हिला जीवशास्त्र आवडत नाही हे तुम्हीच लिहिलंय, मामांनी त्यांच्या पोराला करवावं.

रस्ते दोन आहेत. एक अकरावी-बारावी सायन्स, जेईई मेन, मग जेईई अॅडव्हान्स्ड, आणि त्यातून तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी, हे अंतराळ खात्याचंच कॉलेज आहे, २००७ ला सुरू झालेलं. तिथून चांगले मार्क पडले आणि जागा असल्या तर सरळ इस्रोत घेतात. रस्ता चांगलाच आहे पण फार अरुंद आहे आणि क्लासच्या खर्चाशिवाय तो गाठणारी पोरं थोडी. दुसरा रस्ता डिप्लोमा. दहावीच्या मार्कांवर शासकीय पॉलिटेक्निक, सीईटी नाही, लातूरलाच पुरणमल लाहोटी आहे, घरापासून जवळ. तीन वर्षं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स, आणि मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यासाठी नांदेडचं एसजीजीएस किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी डोळ्यासमोर ठेवा.

आता लोक म्हणतील डिप्लोमा म्हणजे कमी. तर चांद्रयान-३ चे प्रोजेक्ट डायरेक्टर पी. वीरमुथुवेल, तमिळनाडूतल्या विलुपुरमचे, वडील रेल्वेत टेक्निशियन, त्यांनी आधी मेकॅनिकलचा डिप्लोमाच केला, मग बीई आणि पुढं आयआयटी मद्रासची पीएचडी. नुसत्या डिप्लोमावर पण इस्रोत टेक्निकल असिस्टंटच्या जागा निघतात, फर्स्ट क्लास पाहिजे. आयटीआयवाल्या फिटर, टर्नर, वेल्डर, मशिनिस्ट यांच्या पण निघतात, आणि रॉकेट खरं तर याच लोकांच्या हातचं असतं. चांद्रयान घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ रॉकेट साधारण ६४० टनाचं, त्यातलं यान ३९०० किलो, म्हणजे चार टन पण नाही. बाकी सगळं इंधन, टाक्या, नळ्या, इंजिनं. वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन भरतात, उणे २५३ अंशाचा, आणि त्या टाकीचं वेल्डिंग केसाएवढं जरी चुकलं तरी पुढचं सांगायला नको, म्हणून माणसाच्या हाडाचा काढतात तसा जोडाचा एक्स-रे काढून तपासतात. ते तपासणं हीसुद्धा एक नोकरी आहे आणि त्या कामाची माणसं कारखान्यांना पण लागतात.

डिप्लोमात एक खोट आहे ती पण सांगून ठेवतो. गणित बारावीपेक्षा वरवरचं होतं, मग थेट सेकंड इयरला गेल्यावर एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, पोरं आपटतात. तर सुट्ट्यांमध्ये बारावीचं कॅल्क्युलस तिनं स्वतः करायचं, पुस्तक बालभारतीचं आहे, फार महाग नाही. आणि इंग्रजी ६१ आहे ते सुधरावं लागेल, बहुतेक पुस्तकं इंग्रजीत असतात, याला इलाज नाही.

इस्रोत जागा थोड्या आणि अर्ज ढिगानं, हे मनात धरूनच चला. पण आता काम तेवढ्याच ठिकाणी नाही. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीनं २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुल कंपनीनं २०२४ मध्ये स्वतःचं रॉकेट उडवून दाखवलं, विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटच्या विकास इंजिनाचं काम होतं, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची कवचं बनतात. काहीच नाही जमलं तरी वाळूज, शेंद्रा, चाकणचे कारखाने आहेतच, हातातलं शिक्षण वाया जात नाही. अंतराळवीर व्हायचं म्हणत असेल तर तो रस्ता वेगळा, २०२५ मध्ये स्पेस स्टेशनवर जाऊन आलेले शुभांशू शुक्ला हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत, त्याची सुरुवात एनडीएपासून होऊ शकते. विचारून बघा तिला, रॉकेटमध्ये बसायचंय का रॉकेट बनवायचंय. मला वाटतं बनवायचंय.

धाकटा आठवीत आहे ना, तो नववीत गेला की इस्रोच्या युविका शिबिराचा अर्ज नक्की भरा. फुकट असतं आणि खेड्यातल्या शाळेच्या पोरांना त्यात जास्तीचं वजन मिळतं. मोठीचं हुकलं, तिला हे कुणी सांगितलंच नसणार.

पैशाचं म्हणाल तर मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप आहे, डिप्लोमाला पण चालते, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, निवड झाली तर वर्षाला ५० हजार. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागू असेल तर जातीचं हे सगळं आत्ताच सेतूला टाकून द्या, अॅडमिशनच्या गर्दीत सर्व्हर बसतो आणि मग तहसीलला हेलपाटे. कॅप फॉर्म, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचा अर्ज, भरताना पर्याय तिच्यासमोर बसून भरा, नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. आणि त्या क्लासवाल्याला ५ हजार परत मागायचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पावतीचा फोटो मला पाठवा. पावती दिलीच नसेल तर तेही कळवा.