'रॉयल बरो' : राजाचा की राजमान्य?

एका वाचक भगिनींनी विचारले आहे : "मुलगी लंडनमध्ये ग्रीनिच भागात राहते. तिच्या काउन्सिल टॅक्सच्या बिलावर 'रॉयल बरो ऑफ ग्रीनिच' असे छापलेले असते. हा बरो म्हणजे तालुका, प्रभाग की नगरपालिका? आणि तो रॉयल कशामुळे, तिथली जमीन राजघराण्याच्या मालकीची आहे म्हणून? मराठीत 'शाही नगरपालिका' म्हटले तर चालेल का?"

थोडक्यात उत्तर असे : बरो म्हणजे स्वतःची निवडून आलेली परिषद असलेला नागरी प्रदेश, आणि 'रॉयल' हा त्या प्रदेशाला राजाने दिलेला किताब. त्यात मालकी नाही आणि जास्तीचा अधिकारही नाही. म्हणूनच 'शाही' हा शब्द मला इथे पटत नाही.

आधी 'बरो'कडे वळू. जुन्या इंग्रजीत 'बुर्ह' म्हणजे तटबंदी केलेली जागा. नवव्या शतकात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने डेन लोकांच्या स्वाऱ्या थोपवायला अशी तटबंदीची ठाणी उभी केली. तटाच्या आत बाजार भरू लागला, टांकसाळ आली, कारागीर येऊन राहिले, आणि तटाचे नाव हळूहळू गावाला चिकटले. आपल्याकडे अक्कलकोटातला 'कोट' जसा गावाच्या नावात मुरला, तसाच हा प्रकार. पीटरबरो, कँटरबरी, एडिंबरा या तिन्ही नावांची शेपटे एकाच शब्दाची आहेत. जर्मन 'बुर्ग' हा त्याचाच भाऊ.

पुढे या शब्दाचे अर्थ सरकत गेले. मध्ययुगात बरो म्हणजे राजाची किंवा एखाद्या सरदाराची सनद मिळालेले गाव : स्वतःचा बाजार, स्वतःचे न्यायासन, सरंजामी वेठीतून सुटका. मग पार्लमेंट आले, आणि तिथे प्रतिनिधी पाठवणारे गाव म्हणजे बरो असा दुसरा अर्थ रुजला. १८३२च्या सुधारणा कायद्याच्या वेळी ज्या 'सडलेल्या बरोंचा' गवगवा झाला, ते या दुसऱ्या अर्थाचे. ओल्ड सेरम ही जागा जवळजवळ ओसाड पडलेली, तरी तिथून दोन सभासद निवडून जात. १८३५च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याने १७८ जुन्या बरोंना करदात्यांनी निवडलेली परिषद दिली, आणि आजचा म्युनिसिपल अर्थ तिथून पक्का झाला.

हा शब्द मराठीला परका नाही, हे मात्र फार जणांच्या लक्षात राहिलेले नाही. मुंबई इलाख्यात १९२५ साली 'बॉम्बे म्युनिसिपल बरोज अॅक्ट' झाला. मोठ्या गावांच्या नगरपालिकांना त्याने वेगळा दर्जा दिला, आणि अहमदाबाद, जळगाव यांसारख्या ठिकाणी 'बरो म्युनिसिपालिटी' अशीच पाटी आली. जुन्या दाव्यांच्या कागदांत, घरपट्टीच्या पावत्यांवर हा शब्द अजून सापडतो. १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमानंतर तो आपल्या कारभारातून गेला. म्हणजे लंडनमधला बरो आजच्या मराठी माणसाला नवखा वाटतो, पण त्याच्या आजोबांना तो वाटला नसता. त्यासाठी वेगळा मराठी शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही. आहे तोच ठेवावा.

आता 'रॉयल'. इथे एक गल्लत नेहमी होते. राजाची सनद मिळालेला तो रॉयल बरो, असे अनेक जण धरून चालतात. पण जुने बरो बहुतेक सगळेच सनदी होते. त्या न्यायाने इंग्लंडभर रॉयल बरोच दिसायला हवेत. प्रत्यक्षात आज ते चारच आहेत : विंडसर अँड मेडनहेड, किंग्स्टन अपॉन थेम्स, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि ग्रीनिच. सनद वेगळी, किताब वेगळा. सनदेने गावाला हक्क मिळत, किताबाने मान मिळतो. एकाच राजाच्या दप्तरातून दोन्ही निघाले तरी त्यांचे काम एक नव्हे.

चौघांनी हा मान मिळवला तो चार वाटांनी. विंडसरचे समजायला सोपे. विल्यम विजेत्याने अकराव्या शतकात तिथे किल्ला बांधायला घेतला, किल्ल्याच्या अंगाला न्यू विंडसर वसले आणि १२७७ साली पहिल्या एडवर्डकडून त्याला सनद मिळाली. राजा शेजारीच राहतो, तेव्हा गाव स्वतःला रॉयल म्हणवत आले. १९७४च्या फेररचनेत शेजारचे मेडनहेड आणि आसपासची गावे त्यात मिसळली आणि किताब साऱ्या नव्या प्रदेशाला लागू झाला. मेडनहेड हा स्वतः जुना बरो, पण राजवाड्याशी त्याचे नाते असे काही नव्हते. हद्द बदलली तसा मान पसरला.

केन्सिंग्टनची गोष्ट एका व्यक्तीच्या मायेची आहे. राणी व्हिक्टोरिया १८१९ साली केन्सिंग्टन राजवाड्यात जन्मली आणि १८३७ साली राज्यावर येईपर्यंत तिथेच वाढली. १९०० साली लंडनच्या आतल्या भागात २८ मेट्रोपोलिटन बरो निर्माण झाले, त्यांत केन्सिंग्टन एक. १९०१च्या जानेवारीत राणी गेली, आणि तिच्या इच्छेला मान देऊन सातव्या एडवर्डने त्याच वर्षी केन्सिंग्टनला रॉयल केले. १९६५ साली लंडनचे ३२ मोठे बरो झाले तेव्हा केन्सिंग्टन आणि चेल्सी यांचे एकत्रीकरण होऊन किताब जोडबरोकडे आला.

किंग्स्टनवर जरा रेंगाळायला हवे, कारण त्यात शब्दाचीच एक लोकप्रिय चूक दडलेली आहे. तिथल्या गिल्डहॉलजवळ एक मोठा दगड कठड्याच्या आत जपून ठेवला आहे. त्यावर सॅक्सन राजांना अभिषेक होत असे, असे सांगतात. परंपरा असे सात राजे मोजते, त्यांपैकी अॅथेलस्टनचा सन ९२५ मधला अभिषेक किंग्स्टनला झाला याला भक्कम आधार आहे. त्यावरून 'किंग्ज स्टोन' म्हणून 'किंग्स्टन' अशी व्युत्पत्ती मोठ्या आवडीने सांगितली जाते. ती खरी नाही. सन ८३८ मध्ये तिथे भरलेल्या एका राजसभेच्या नोंदीत हे नाव 'किनिंगेस टुन' असे आले आहे. 'टुन' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपल्या शब्दांत वाडी. म्हणजे 'राजाची वाडी'. शिवाय ही नोंद परंपरेतल्या सातांपैकी पहिल्या अभिषेकाच्याही साठेक वर्षे आधीची आहे. नाव आधी होते, अभिषेकाचा मान मागून आला. बहुधा राजाची खाजगी वस्ती होती म्हणूनच अभिषेकाला ती जागा निवडली गेली असावी.

या गावाला बाराशेच्या सुमारास राजा जॉनच्या सनदा मिळाल्या. रॉयल म्हणवण्याचा हक्क मात्र जुन्या वहिवाटीवर उभा होता, आणि १९२७ साली पाचव्या जॉर्जने त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. म्हणजे किंग्स्टनला किताब दिला गेला असे म्हणण्यापेक्षा तो कबूल केला गेला असे म्हणणे अधिक बरोबर.

ग्रीनिच हा सर्वांत नवा. शालेय भूगोलापासून हे नाव आपल्याला प्रमाणवेळेमुळे ओळखीचे आहे. तिथली वेधशाळा दुसऱ्या चार्ल्सने १६७५ साली स्थापन केली. त्याआधी नदीकाठी ट्यूडर राजांचा आवडता वाडा होता. आठवा हेन्री १४९१ साली आणि त्याची मुलगी पहिली एलिझाबेथ १५३३ साली तिथेच जन्मली. एवढे असूनही ग्रीनिच बरो रॉयल नव्हता. एलिझाबेथ दुसरी हिच्या कारकिर्दीला ६० वर्षे झाली त्या निमित्ताने हा मान देण्याचे २०१० साली जाहीर झाले आणि ३ फेब्रुवारी २०१२ पासून तो अमलात आला. किंग्स्टनच्या मान्यतेनंतर इंग्लंडमध्ये ८५ वर्षांनी वाढलेला हा पहिला रॉयल बरो.

प्रश्नातल्या 'जमीन राजघराण्याची म्हणून का?' या शंकेला आज नकारार्थी उत्तर असले, तरी ग्रीनिचपुरता इतिहासात तिला एक आश्चर्यकारक पाया आहे, आणि तो थेट मुंबईपर्यंत येतो. १६६१च्या विवाह-तहाने पोर्तुगालने मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला दिले. त्याने २७ मार्च १६६८ च्या सनदेने ते ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले, वर्षाला सोन्यात १० पौंड खंडाने. त्या सनदेत मुंबई कोणत्या नात्याने धारण करायची हे लिहिले आहे : केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरचा भाग असल्याप्रमाणे. मॅनर म्हणजे जहागिरीची जमीन, आणि ईस्ट ग्रीनिचचा मॅनर थेट राजाचा होता. त्या नात्याने धरलेल्या जमिनीला लष्करी चाकरीचे ओझे नसे, ठरलेला खंड भरला की झाले. म्हणून समुद्रापलीकडची जमीन देताना इंग्लंडच्या वकिलांनी हा साचा पुन्हा पुन्हा वापरला. १६०६ची व्हर्जिनियाची सनदही याच साच्याची. कायद्याच्या कागदावर माहीम आणि माझगाव काही काळ ग्रीनिचच्या शेतांसारखेच धरले गेले होते. या भगिनींची मुलगी आज ज्या ग्रीनिचमध्ये राहते, त्याचे नाव मुंबईच्या मालकीहक्काच्या मूळ कागदात आहे, हे मला फार मोलाचे वाटते. पण २०१२चा किताब या जुन्या मालकीतून निघालेला नाही, हेही तितकेच स्पष्ट ठेवले पाहिजे.

अधिकाराचे काय? ग्रीनिचची परिषद शाळा, समाजसेवा, वाचनालये, रस्ते, कचरा, घरबांधणीचे परवाने पाहते. शेजारचा लुइशम हा साधा बरोही अगदी हेच पाहतो. हे अधिकार लंडन बरो असण्याचे आहेत. विंडसर अँड मेडनहेड लंडनबाहेर असूनही एकाच परिषदेतून सगळा कारभार करतो, कारण १९९८ साली बर्कशर काउंटीची परिषद रद्द झाली. रॉयल असण्याने करात सवलत नाही, सरकारी निधीत जास्तीचा वाटा नाही, पार्लमेंटमध्ये वेगळी जागा नाही. आपल्याकडचा 'रावबहादूर' जसा नावाआधी लागे आणि दप्तरातली कामगिरी होती तीच राहत असे, तसा हा किताब आहे. लंडनबाहेर तर नुसते 'बरो' हेही बऱ्याच अंशी मानाचेच बिरुद आहे. १९७२च्या कायद्यानुसार एखाद्या डिस्ट्रिक्ट परिषदेने दोनतृतीयांश मतांनी ठराव करून अर्ज केला, तर सनदेने तिला बरो म्हणवता येते. मग अध्यक्षाचा मेयर होतो, कामे तीच राहतात.

दोन शेजारच्या गोष्टी यात मिसळू नयेत. पहिली, रॉयल गावे. रॉयल लेमिंग्टन स्पाला १८३८ साली, रॉयल टनब्रिज वेल्सला १९०९ साली हा मान मिळाला, पण तो गावाच्या नावाला आहे. टनब्रिज वेल्सचा बरो रॉयल नाही. विल्टशरमधल्या वूटन बॅसेटला २०११ साली तो मिळाला, त्यामागे राजवाडा नव्हता की जन्मस्थान नव्हते. अफगाणिस्तान आणि इराकमध्ये पडलेल्या सैनिकांच्या शवपेट्या जवळच्या लायनम विमानतळावरून त्या गावातून जात, आणि गावकरी दर वेळी काम टाकून रस्त्याच्या कडेला उभे राहत. या साऱ्या यादीत मला सर्वांत न्याय्य वाटतो तो हा किताब.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडची. तिथे 'रॉयल बर्घ' हा खरोखरीचा कायदेशीर वर्ग होता. बाराव्या शतकात डेव्हिड पहिला या राजापासून ही गावे थेट राजाकडून हक्क धारण करत, परदेशी व्यापाराची मक्तेदारी त्यांच्याकडे १६७२ पर्यंत होती, आणि स्कॉटिश पार्लमेंटात त्यांचे प्रतिनिधी बसत. १९७५ साली स्थानिक कारभाराची फेररचना झाली आणि हा वर्ग संपला. तिथला 'रॉयल' शब्द हक्क सांगणारा, इंग्लंडमधला मान सांगणारा. शब्द जुळे दिसले तरी स्कॉटलंडच्या संदर्भात 'बर्घ'च लिहावे.

आता मराठीचा मुद्दा. 'शाही' म्हटले की आपल्या कानाला आधी थाट ऐकू येतो : शाही विवाह, शाही भोजन. शिवाय निजामशाही, आदिलशाही यांमुळे त्याला राज्यकारभाराचाही वास आहे. इथे दोन्ही नाहीत. 'राजेशाही बरो' तर आणखी चुकीचे, कारण कारभार पूर्णपणे निवडून आलेल्या परिषदेचा आहे. 'राजकीय' म्हणणे शक्यच नाही. माझी पसंती 'राजमान्य' या शब्दाला आहे. जुन्या पत्रांच्या मायन्यात 'राजमान्य राजश्री' लिहीत, त्याचेच पुढे 'रा. रा.' झाले. ज्याला राजाने मान दिला तो राजमान्य. एवढाच अर्थ या किताबाचा आहे, त्याहून कमी नाही आणि जास्त नाही. किंग्स्टनसारख्या ठिकाणी, जिथे राजाने जुना हक्क मान्य केला, तिथे तर तो दोन्ही अंगांनी बसतो.

लेखात, बातमीत, भाषांतरात 'ग्रीनिच हा राजमान्य बरो' असे लिहावे. पत्त्यात मात्र भाषांतर करू नये. तिथे 'रॉयल बरो ऑफ ग्रीनिच' हे विशेषनाम आहे. उच्चार इंग्लंडमध्ये 'बरा'च्या जवळ जातो, अमेरिकेत 'बरो', पण मराठी लेखनात 'बरो' रुळलेले आहे, तेच राखावे. लिंगाबद्दल विचारलेले नाही, तरी लिहिताना अडते म्हणून सांगतो : रेडिओ, फोटो यांच्या वळणाने बरो पुल्लिंगी धरावा. तो बरो, ते बरो, लंडनच्या बरोंमध्ये. 'बरो म्युनिसिपालिटी' असा पूर्ण शब्द आला तरच स्त्रीलिंग.