‘सर, लॉजिक ऑप्शनला टाकलं तर चालेल का?’

सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, दीड-दोन महिन्यांवर आली की समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो. इथे ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या मराठीच्या प्राध्यापिका, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सकाळी कॉलेज, दुपारनंतर घर आणि लहान मूल, अभ्यासाला रात्रीचे दीड तास. परीक्षेला सात आठवडे उरले होते आणि पेपर एकमधला ‘तार्किक युक्तिवाद’ हा घटक सोडून द्यायचं त्यांनी जवळपास ठरवलं होतं. फक्त कुणीतरी ‘हो’ म्हणावं, एवढंच हवं होतं.

त्यांनी हिशेब करून आणला होता. पेपर एक म्हणजे ५० प्रश्न, १०० गुण, एक तास. पेपर दोन म्हणजे आपला विषय, १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. पेपर एकमध्ये दहा घटक, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाच प्रश्न. म्हणजे लॉजिकचे १० गुण, ३०० पैकी. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा डोळे मिटून गोळे काळे केले तरी चारांत एक या हिशेबाने सरासरी अडीच गुण पदरात पडतात. उरलेल्या साडेसात गुणांसाठी रात्री कशाला जाळायच्या? तो वेळ पेपर दोनला द्यावा.

हिशेब बरोबर होता, पण त्यात दोन गोष्टी धरलेल्या नव्हत्या. खुल्या प्रवर्गाला ४० आणि राखीव प्रवर्गांना ३५ टक्के मिळाले म्हणजे काम झालं, असं सेटमध्ये नसतं. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी ६ टक्के उमेदवारच पात्र ठरतात, तेही विषयवार आणि प्रवर्गवार, एकत्रित गुणांवरून. कटऑफच्या रेषेवर गर्दी असते, आणि तिथे सात-आठ गुण फार मोठे असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. ५० प्रश्नांना ६० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यांनी घरी घड्याळ लावून सोडवलेला पेपर पाहिला तेव्हा लॉजिकच्या पाच प्रश्नांवरच जवळजवळ १४ मिनिटं गेलेली दिसली. उताऱ्यावरचे पाच प्रश्न शेवटी घाईत उरकले होते आणि त्यांतले तीन चुकले होते. मराठीची प्राध्यापिका उताऱ्यात गुण घालवते, याचं मूळ लॉजिकमध्ये होतं. अभ्यासात घटक सोडला तरी प्रश्न पेपरात समोर येतोच, आणि ‘जमेल कदाचित’ म्हणून माणूस त्यात अडकतो.

म्हणून ‘सोडू की नको’ याचं उत्तर त्या दिवशी दिलंच नाही. आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघायला हवं होतं. सेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसह अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. त्यांतले फक्त लॉजिकचे प्रश्न काढून, घड्याळ न लावता सोडवायला सांगितले. प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करायची: वेळ मिळाल्यावर आलं, वाक्यच कळलं नाही, की स्पष्टीकरण वाचूनही पटलं नाही. पहिल्या खुणेवर उपाय सरावाचा. दुसरी असेल तर तोच प्रश्न इंग्रजीतही वाचून पाहायचा, कारण मराठी वाक्य कधी कधी फार अवघडलेलं असतं. तिसरी खूण असेल तर संकल्पनाच हुकलेली असते, आणि तिथे आणखी पन्नास प्रश्न सोडवून काही होत नाही.

त्यांच्या तिसऱ्या गठ्ठ्यातले बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी अडकले होते: ‘काही’ या शब्दाशी. स्क्वेअर ऑफ ऑपोझिशनमध्ये, म्हणजे विधानांच्या विरोधाच्या चौकोनात, चार विधानं असतात.

ए: सर्व शिक्षक पदवीधर आहेत.
ई: एकही शिक्षक पदवीधर नाही.
आय: काही शिक्षक पदवीधर आहेत.
ओ: काही शिक्षक पदवीधर नाहीत.

‘ए खरं असेल तर आय काय?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, खोटं. बोलताना आपण ‘काही शिक्षक पदवीधर आहेत’ म्हणतो तेव्हा बाकीचे नाहीत असं सुचवत असतो. तर्कशास्त्रातलं ‘काही’ म्हणजे किमान एक, कदाचित सगळेच. म्हणून ए खरं तर आयही खरं. एवढं पटलं की पुढचं भराभर लागतं. ए आणि ओ, तसेच ई आणि आय, हे एकमेकांना पूर्ण खोडतात: एक खरं तर दुसरं खोटं, आणि उलटही. ए आणि ई दोन्ही एकदम खरी नसतात, पण दोन्ही खोटी असू शकतात. आय आणि ओ दोन्ही एकदम खोटी नसतात, पण दोन्ही खरी असू शकतात. चुका होतात त्या ‘ए खोटं आहे’ असं दिल्यावर. तेव्हा फक्त ओ खरं हे नक्की. ई आणि आय यांच्याबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि ‘अनिश्चित’ हा पर्याय निवडायला मुलं कचरतात.

हा चौकोन सोडायचा नाही, असं आमचं ठाम मत आहे. त्यावर थेट प्रश्न येतो हे एक कारण. दुसरं असं की व्हेन आकृत्या (गट वर्तुळांनी दाखवणाऱ्या) आणि सिलॉजिझम (दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणं) दोन्ही याच चार विधानांवर उभ्या आहेत. पाया तासाभरात होतो.

मग सोडायचं काय? त्यांनी सुरुवातच नेमकी चुकीच्या टोकाकडून केली होती. गाइडमधलं ‘मूड आणि फिगर’चं प्रकरण आधी उघडलं आणि बार्बारा, सेलारेंट ही लॅटिन नावं पाठ करत बसल्या. ६४ मूड, ४ फिगर, एकूण २५६ रूपं. परंपरेने त्यांतली २४ वैध, आधुनिक पद्धतीने १५. हे पाठ करून पेपर सुटत नाही. मूड म्हणजे तीन विधानांची अक्षरं आणि फिगर म्हणजे मध्यपद (दोन्ही आधारविधानांत येणारं पद) कुठे आहे, एवढं ओळखता आलं की पुरे. वैधता तपासायला चार-पाच नियम हाताशी ठेवावेत: दोन्ही आधारविधानं नकारात्मक असतील तर निष्कर्ष निघत नाही, दोन्ही ‘काही’ची असतील तरी निघत नाही, एक नकारात्मक असेल तर निष्कर्षही नकारात्मकच, एक ‘काही’चं असेल तर निष्कर्षही ‘काही’चाच, आणि मध्यपद निदान एकदा तरी पूर्ण व्याप्तीने, म्हणजे त्या गटातल्या सगळ्यांबद्दल, आलं पाहिजे. सर्व कवी संवेदनशील, सर्व नट संवेदनशील, म्हणून सर्व नट कवी, हे शेवटच्या नियमावर पडतं. एवढ्यावर चारांतले दोन पर्याय बहुधा उडतात.

उरलेल्यांसाठी व्हेन आकृती. आधी ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ची विधानं घ्यायची आणि रिकामा भाग रंगवायचा, ‘काही’ची फुली त्यानंतर. उलट केलं की फुली रंगवायच्या भागात पडते आणि सगळं पुसावं लागतं. फुली रेषेवर बसली तर निष्कर्ष सिद्ध होत नाही. इथे एक खाच आहे, ती हुशार मुलांनाही फसवते: चौकोनात ए वरून आय निघतं, पण आधुनिक व्हेन पद्धतीत नुसत्या ‘सर्व’वरून ‘काही’ निघत नाही. प्रश्नात चौकोनाचा उल्लेख असेल तर परंपरेप्रमाणेच उत्तर द्यावं.

भारतीय तर्काचा भाग संस्कृत शब्दांच्या धास्तीने त्यांनी उघडलाच नव्हता, आणि मराठीच्या माणसाला सगळ्यात सोपे गुण तिथेच आहेत. कोण किती प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानतो ते एका ओळीत मावतं: चार्वाक एक (प्रत्यक्ष), बौद्ध आणि वैशेषिक दोन (अनुमानासह), सांख्य तीन (शब्दासह), न्याय चार (उपमानासह), प्रभाकर मीमांसक पाच (अर्थापत्तीसह), भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती सहा (अनुपलब्धीसह). अनुमानाचे पाच अवयव प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, या क्रमानेच. हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, व्याख्येने पाठ करू नयेत, प्रत्येकाला एक उदाहरण जोडावं. ‘शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण होतो’ हा विरुद्ध, कारण हेतू उलटच सिद्ध करतो. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण पर्वत ज्ञेय आहे’ हा सव्यभिचार. ज्ञेय, म्हणजे जाणता येण्याजोगं, तर पाण्याचं तळंही असतं, आणि तिथे अग्नी नसतो. ‘आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे’ हा असिद्ध, मुळात आकाशकमळच नाही. ‘अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे’ हा बाधित, हात लावला की कळतं. आणि तेवढ्याच जोराचा दुसरा हेतू उलट बाजू सिद्ध करत असेल तर सत्प्रतिपक्ष. केवलान्वयी, केवलव्यतिरेकी वगैरे भेद वेळ उरला तर बघायचे.

त्यांच्यासाठी ठरलं ते असं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार रात्री, प्रत्येकी ४० मिनिटं लॉजिक. बाकी सगळा वेळ पेपर दोन. क्रम चौकोन, प्रमाणं आणि हेत्वाभास, मग व्हेन, शेवटी नियम. प्रत्येक तुकड्याला दोन बैठका. त्यानंतर न पाहिलेले दहा प्रश्न. सहा बरोबर आले तर तुकडा ठेवायचा, नाही आले तर वहीत ‘सोडला’ असं लिहून बाजूला, पुन्हा उघडायचा नाही. हे लिहिणं महत्त्वाचं. न ठरवता टाळलेला भाग रोज रात्री मनात टोचत राहतो आणि पेपर दोन वाचतानाही लक्ष खातो. त्यांनी शेवटी मूड-फिगरची तपशीलवार रूपं आणि अनुमानाचे बारीक भेद सोडले, आणि ते योग्यच होतं.

हा निर्णय सगळ्यांना लागू नाही. परीक्षेला दहा दिवस उरलेत आणि पेपर दोनचे मोठे घटक कोरे आहेत, तर प्रमाणं आणि हेत्वाभास वाचून बाकी लॉजिक खुशाल सोडावं. उलट पेपर दोन तत्त्वज्ञानाचा असेल तर तर्क तुमचा विषयच आहे, आणि संगणकशास्त्रवाल्यांना विधान-तर्क तिथेही भेटतो. त्यांनी सोडण्याचा विचार करू नये.

परीक्षा हॉलमध्ये मात्र नियम एकच. लॉजिकचा प्रश्न ७२ सेकंदांत सुटण्याची चिन्हं नसतील तर प्रश्नपुस्तिकेत त्याच्या क्रमांकाला गोल करून पुढे जायचं, आणि उत्तरपत्रिकेवर त्या क्रमांकाची ओळ रिकामी ठेवायची. इथे मोठा घात होतो: २३वा प्रश्न सोडला आणि २४व्याचं उत्तर २३व्या ओळीत भरलं की पुढचं सगळं एकाने सरकतं. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून बघावा. शेवटची पाच मिनिटं राखून गोल केलेल्या प्रश्नांकडे यावं, नियमाने जेवढे पर्याय उडतात तेवढे उडवावेत आणि उरलेल्यांतला एक भरावा. एकही गोळा कोरा ठेवू नये.