डेबियन १३ आलं, चालू मशीन लगेच अपग्रेड करू का? घोषणा वाचायलाच हवी का?

ऑफिसातल्या मशीनवर डेबियन १२ (डेबियन म्हणजे लिनक्सवरची, फुकट मिळणारी संगणक प्रणाली) व्यवस्थित चालू आहे, १३ची घोषणा झाली आहे, तर लगेच अपग्रेड मारू का, असं तुम्ही विचारलंय. पुढे लिहिलंय, "घोषणा आणि रिलीज नोट्स कोण वाचत बसणार, कमांड तर एकच असते." या दुसऱ्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. वाचायचं. ज्या मशीनवर रोजचं काम चालतं तिथे आधी वाचायचं, मग कमांडला हात लावायचा.

मी पुण्यात नोकरी करते. गावाकडे ज्या शाळेत दहावीपर्यंत शिकले, तिथल्या कार्यालयात २०२१च्या दिवाळीत एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ११, म्हणजे बुल्सआय, टाकून दिलं होतं. त्यावर मी कॉलेजात असताना पीएचपी या वेब प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालायचा. जनरल रजिस्टरातल्या नोंदी भरायच्या आणि शाळा सोडल्याचा दाखला छापायचा, एवढंच त्याचं काम. मशीन सांभाळायला आमचे संगणकाचे सर. मी त्यांना एका कागदावर तीन कमांडी लिहून दिल्या होत्या, त्या ते दर सोमवारी न चुकता चालवायचे.

सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे कुठल्या आवृत्तीची पॅकेजं (तयार प्रोग्राम) आणायची ते सांगणाऱ्या फाईलीत, मी 'बुल्सआय' असं नाव लिहिलं होतं. सरांनी ते काढून 'स्टेबल' केलं. का, तर दर दोन वर्षांनी नाव बदलत बसायला नको. मी फोनवर सांगितलं की सर, स्टेबल ही पाटी आहे, नवी आवृत्ती आली की ती पाटी उचलून नव्या दारावर लावतात. सर म्हणाले, "अगं, स्टेबल म्हणजे स्थिर. स्थिर लिहिल्यावर हलेल कसं?" बराच वाद झाला. शेवटी सरांशी किती बोलायचं म्हणून मी गप्प बसले.

१० जून २०२३, शनिवार. डेबियन १२ जाहीर झालं. सोमवारी सकाळी सरांनी नेहमीप्रमाणे पहिली कमांड दिली. पॅकेजांच्या भांडाराचं सांकेतिक नाव बुल्सआयचं बुकवर्म (म्हणजे डेबियन १२) झालंय, हे मान्य आहे का, असं मशीनने थांबून विचारलं. वाय की एन, त्यात एन मोठ्या लिपीत, म्हणजे नुसतं एंटर दाबलं असतं तरी 'नाही' गेलं असतं. सरांनी वाय दाबलं. दुसऱ्या कमांडीने अख्खी सिस्टीम नव्या आवृत्तीवर नेली आणि तिसरीने, म्हणजे नको झालेली पॅकेजं काढणाऱ्या ऑटोरिमूव्हने, जुनं पीएचपी ७.४ झाडून टाकलं. नवं ८.२ आलं होतं, पण अपाचेला, म्हणजे पानं दाखवणाऱ्या वेब सर्व्हरला, ते कुणी जोडलं नव्हतं.

अकरा वाजता मला फोन. दाखल्याचं पान उघडलं की पडद्यावर प्रोग्रामचा कोडच उमटतोय. बाहेर व्हरांड्यात अकरावीच्या प्रवेशासाठी दाखले न्यायला आलेल्या पालकांची रांग. कार्यालयातल्या मॅडमनी कपाटातून छापील दाखल्यांचं जुनं पुस्तक काढलं, खाली कार्बन घातला आणि हाताने लिहायला घेतलं. दाखल्यावर जन्मतारीख अंकी लिहून भागत नाही, अक्षरीही लागते, आणि खाडाखोड चालत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी चौतीस दाखले लिहिले.

मी दुपारी इथून एसएसएचने, म्हणजे इंटरनेटवरून, त्या मशीनमध्ये शिरले. अपाचेला ८.२ जोडलं, तर आता पान पांढरंफटक. लॉगमध्ये एकच तक्रार, 'ईच' नावाचं फंक्शन सापडत नाही. ते मी सहा फायलींत तेवीस ठिकाणी वापरलं होतं. प्रत्येक जागी 'फॉरईच' करत रात्रीचे नऊ वाजले.

पुढच्या बैठकीत संस्थेचे सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "फुकटचं असंच असतं." ते वाक्य मला अजून टोचतं, म्हणून इथे उत्तर देते. 'ईच' जाणार हे २०१७मध्ये पीएचपी ७.२ आलं तेव्हाच सांगितलं होतं, २०२०मध्ये ८.० आलं तेव्हा ते खरंच काढलं. डेबियन १२मध्ये ८.२ येतंय हे लपून राहिलं नव्हतं. पैसे मोजून आणलेल्या मशीनवरही, पीएचपी ८ आलं की माझा तो कोड पडलाच असता. चूक वाचण्यात झाली. सरांची झाली तशी माझीही झाली, कारण कोड माझा होता. घोषणेने कुणाला फसवलं नव्हतं.

डेबियनमध्ये घोषणा म्हणजे जाहिरात नव्हे. मार्च २०२५पासून ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, टप्प्याटप्प्याने गोठवत आणली (नवे बदल घेणं थांबवत नेलं), ९ ऑगस्टला जाहीर केली. त्याआधी जे होतं त्याला आवृत्ती म्हणायचं नाही. या प्रकल्पाला तो धडा फार लवकर मिळाला. १९९५मध्ये एका सीडीविक्रेत्याने अर्धवट काम १.० म्हणून विकलं, त्यामुळे खरं डेबियन १.० कधी निघालंच नाही; १९९६मध्ये थेट १.१ आलं. घोषणेत काय नवं आहे ते असतं: १४,१०० हून जास्त नवी पॅकेजं, एकूण ६९,८३०, कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१२. ते वाचून आनंद होतो. पण तुमचं काम अडेल की नाही ते रिलीज नोट्समध्ये 'माहीत असाव्यात अशा अडचणी' या प्रकरणात असतं. तेवढं एक प्रकरण वाचा, अर्धा तास लागेल.

२०२५मध्ये १३च्या घोषणेनंतर दोन दिवसांनी सरांचाच फोन आला. "टीएमपी फोल्डर आता डिस्कवर नाही, रॅममध्ये असणार म्हणतायत. अर्ध्या रॅमपर्यंतच जागा मिळेल. आपली रात्रीची बॅकअपची फाईल आधी तिथेच बांधली जाते ना? आपल्या मशीनला रॅम चारच जीबी आहे." मी बॅकअपची वाट त्याच रात्री बदलली. सोर्सेस लिस्टमध्ये आता 'बुकवर्म' असं नाव लिहिलंय. ते सरांनी स्वतः लिहिलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला: घाई नको. बुकवर्मला एलटीएस (नंतरचा वाढीव आधार) धरून जून २०२८पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. ट्रिक्सीची पहिली दोन पॉइंट रिलीज, म्हणजे साठलेल्या दुरुस्त्या एकत्र केलेल्या आवृत्त्या, २०२५मध्येच आली आहेत; तेव्हा सुट्टीचा दिवस बघून करा. आमच्या शाळेत मे महिन्यात करणार आहोत, दाखल्यांच्या आधी. पीएचपी वापरत असाल तर १३मध्ये ८.४ आहे, आपला कोड आधी दुसऱ्या मशीनवर चालवून बघा. बॅकअप घेतल्याचं समाधान पुरेसं नाही, तो एकदा उलटा उतरवून बघा. अकरावरून थेट तेरावर उडी मारता येत नाही, मधे बारावर थांबावंच लागतं. घरचा लॅपटॉप असेल तर मात्र इतका विचार करू नका, आजच करा. आणि मशीन जुना ३२ बिटचा पीसी असेल तर हे सगळं सोडा, १३मध्ये त्यासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. त्यावर १२च ठेवा.