वाचक विचारतात : समोर येणारी बातमी कोण निवडते?

समाजमाध्यमांवरील बातम्या आणि खासगीपण यांविषयी अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : जातीजातींत तेढ वाढवणारे व्हिडिओ फेसबुकवर दिसले की मी प्रत्येकाखाली पुराव्यासह सविस्तर उत्तर लिहितो. तरीही असे व्हिडिओ कमी होण्याऐवजी वाढतच आहेत. माझे काय चुकते?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या तळमळीत काहीच चुकीचे नाही, मात्र ती तळमळ मोजणाऱ्या यंत्रणेला तिचा अर्थ कळत नाही. आपण एखाद्या व्हिडिओखाली दहा ओळींचे खंडन लिहिता, त्यावर कोणी चिडून उत्तर देतो, आपण पुन्हा प्रत्युत्तर देता, आणि या साऱ्याची नोंद ‘या व्हिडिओवर लोक भरभरून बोलत आहेत’ एवढीच होते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आपल्या फीडची, म्हणजे समोर येणाऱ्या मजकुराच्या यादीची, रचना बदलल्याचे जाहीर केले आणि माणसामाणसांत संवाद घडवणाऱ्या मजकुराला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. ऐकायला हे चांगले वाटते. पण भांडण हाही संवादच असल्यामुळे, ज्या मजकुराखाली जास्त वाद होतो तो अधिक लोकांपुढे जाऊ लागला.

कंपनीतील माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये जी अंतर्गत कागदपत्रे उघड केली, त्यांतून आणखी एक तपशील पुढे आला. २०१७ पासून काही काळ फेसबुकवर रागाच्या चेहऱ्यासह सर्व भावचिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते. रागाची प्रतिक्रिया मिळवणाऱ्या मजकुरात खोट्या आणि विखारी मजकुराचे प्रमाण अधिक असल्याचे कंपनीच्याच संशोधकांना दिसत गेले, तसे ते वजन टप्प्याटप्प्याने कमी झाले आणि २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. म्हणजे या मधल्या काळात ज्याने निषेध म्हणून लाल चेहरा दाबला, त्याने त्या मजकुराला आवडल्याचे चिन्ह दाबणाऱ्यापेक्षा जास्त बळ दिले. यूट्यूबचे गणित वेगळे असले तरी त्याच जातीचे आहे. २०१२ पासून तेथील शिफारशींत, किती लोकांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व आले, त्यामुळे चुका शोधण्यासाठी शेवटपर्यंत पाहणारा आणि भक्तिभावाने पाहणारा हे दोघेही त्या हिशेबात सारखेच ठरतात.

तेव्हा खंडन जरूर करावे, पण त्याच व्हिडिओखाली करू नये. आपल्या स्वतःच्या पानावर, मूळ व्हिडिओ शेअर न करता, खरे काय ते आधी आणि खोटे काय ते नंतर अशा क्रमाने लिहावे. मूळ मजकुराची तक्रार नोंदवावी, ‘रस नाही’ हा पर्याय निवडावा आणि पुढे सरकावे. त्या व्हिडिओखाली आपल्या ओळखीच्या एखाद्या मित्राने टाळ्या वाजवल्या असतील, तर त्याला मात्र फोन करावा. अनोळखी शंभर जणांशी वाद घालण्यात जाणारा वेळ त्या एका मित्राला देणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

प्रश्न : आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे चुलते रोज खोट्या बातम्या पाठवतात. मुले पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ तर तिसऱ्यांदा आला. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटे पाडणे बरे दिसत नाही, आणि गप्प बसवतही नाही. काय करावे?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : आपल्या पत्रातील तो व्हिडिओ किरकोळ समजू नये, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातील, पाच जण तेथे आले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज आहे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या सुमारास मोबाइलवरून त्या भागात पसरल्या होत्या. संशयावरून जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात डांबून ठेचून मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवलेले नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक पाकिस्तानातील कराचीचा होता. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात, असे त्यात दिसते. प्रत्यक्षात ती बेपत्ता मुलांविषयी जनजागृती करणारी, ठरवून चित्रित केलेली फीत होती आणि तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात व एक फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला, आणि उरलेला तुकडा गावागावांत ‘आपल्या भागातली घटना’ म्हणून पोहोचला. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. ज्या संदेशावर एकाऐवजी दोन बाण दिसतात, तो असा अनेक हातांतून आलेला असतो. आपल्या चुलत्यांच्या त्या व्हिडिओवर बहुधा दोन बाण असतील. एकदा पाहून घ्यावे.

आता चुलत्यांविषयी. ग्रुपवर उत्तर दिले की विषय व्हिडिओचा न राहता मानापमानाचा होतो, आणि एकदा का माणूस चारचौघांसमोर आपल्या म्हणण्याला चिकटला की त्याला मागे येणे कठीण जाते. म्हणून ग्रुपवर काही न लिहिता त्यांना फोन करावा. ‘काका, हा व्हिडिओ तुम्हाला कोणी पाठवला? कुठल्या गावातला आहे?’ एवढेच आदराने विचारावे. बहुतेकांना या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, आणि ती देता येत नाहीत हे त्यांचे त्यांनाच जाणवते. मग व्हिडिओतील दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाड्यांचे क्रमांक कसे आहेत, बातमीत तारीख आणि पोलीस ठाण्याचे नाव आहे का, हे दोघांनी मिळून पाहावे. घटना खरी असेल तर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात ती आलेली असते. शेवटी, तो संदेश काकांनीच काढून टाकावा आणि ग्रुपवर दोन ओळींत खुलासाही त्यांनीच करावा, अशी विनंती करावी. पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांपर्यंत संदेश सर्वांच्या मोबाइलवरून काढता येतो. त्यानंतर खुलासा हाच मार्ग उरतो. आपल्या चुलत्यांना कुटुंबातील मुलांची काळजी वाटते, म्हणूनच ते असे व्हिडिओ पाठवतात, याची जाण आपल्या बोलण्यात राहू द्यावी.

प्रश्न : शिलाई मशीन घ्यायचे आहे असे मी माझ्या जाऊबाईंशी बोलले आणि संध्याकाळी मोबाइलवर शिलाई मशीनच्या जाहिराती सुरू झाल्या. मोबाइल आपले बोलणे ऐकतो का?
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात बोलली जाते. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा चोरून आवाज टिपून बाहेर पाठवल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. काही ॲप पडद्यावरील हालचालींचे चित्रण बाहेर पाठवत असल्याचे मात्र आढळले.

जाहिरात नेमकी येण्यासाठी आपले बोलणे ऐकण्याची गरजच पडत नाही, आणि मला ही बाब अधिक गंभीर वाटते. आपले बोलणे झाल्यावर जाऊबाईंनी त्यांच्या मोबाइलवर मशीनच्या किमती पाहिल्या असतील. दोघींचे मोबाइल एकाच घरातील वायफायवर आहेत, दोघी एकमेकींच्या संपर्कयादीत आहेत. बहुतेक विक्रीच्या संकेतस्थळांवर समाजमाध्यम कंपन्यांना माहिती कळवणारा छोटा कोड बसवलेला असतो. शिवाय कापडाच्या दुकानात बिल करताना आपण सहज सांगितलेला मोबाइल क्रमांक ग्राहकांच्या यादीत जातो, आणि अशी यादी जाहिरातदार फेसबुकवर चढवून नेमक्या त्याच व्यक्तींना जाहिरात दाखवू शकतात. तेव्हा बिलासाठी क्रमांक देणे बंधनकारक नाही, हे दुकानात शांतपणे सांगावे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला मायक्रोफोन, ठिकाण आणि संपर्कयादी यांची परवानगी आहे ते पाहावे व नको तेथे काढून घ्यावी.

व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून कुलूपबंद स्वरूपात जातात, त्यामुळे मधल्या कोणाला ते वाचता येत नाहीत. पण आपण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलतो ही माहिती त्या कुलपाच्या बाहेर राहते. ही माहिती व्हॉट्सॲपची मूळ कंपनी मेटा हिला देण्याची अट २०२१ च्या धोरणात ‘मान्य करा, नाहीतर सोडा’ अशा रीतीने घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला, आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा यायला २०२३ साल उजाडले, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. एवढा विलंब मला समर्थनीय वाटत नाही.

प्रश्न : खोटे काय आणि खरे काय हे सरकारनेच ठरवून खोटा मजकूर काढून टाकला, तर हा सारा त्रास मिटणार नाही का?
— एक निवृत्त अधिकारी, कोल्हापूर

उत्तर : तसा प्रयत्न झाला होता. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा खोटा मजकूर ओळखण्याचे काम सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाकडे देण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांत मतभेद झाला, आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायाधीशांच्या मतानंतर ती तरतूद घटनाबाह्य ठरली. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच ती खरी की खोटी हे ठरवू नये, असे मलाही ठामपणे वाटते. सरकारने खुलासा जरूर प्रसिद्ध करावा. मजकूर हटवण्याचा अधिकार हा त्याहून फार वेगळा आहे.

प्रश्न : मला न विचारता कोणीही कुठल्याही ग्रुपमध्ये घालते. हे थांबवता येते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ उघडून ‘ग्रुप्स’ हा पर्याय निवडावा आणि ‘माझे संपर्क’ किंवा ‘काही संपर्क वगळून’ असे ठरवावे. त्यानंतर इतर कोणाला आपणांस थेट ग्रुपमध्ये घालता येत नाही. ॲडमिनला आधी निमंत्रण पाठवावे लागते, आणि ते आपण तीन दिवसांत स्वीकारले नाही तर आपोआप रद्द होते.