पुस्तकात तर २६ नोव्हेंबर लिहिलंय!

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न वाचला. सोसायटीच्या २६ जानेवारीच्या कार्यक्रमात मुलांना दहा मिनिटं 'काहीतरी माहिती' सांगायचं काम तुमच्याकडे आलंय, घरात एक दुसरीतला आणि एक सहावीतली, आणि दोघांना झेंडावंदन म्हणजे पांढरे कपडे आणि नंतरची जिलेबी एवढंच माहितीये, म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय. मी बरीच वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आता रिटायर झाल्यावर इथे सिंहगड रोडला शनिवारी मुलांचा एक छोटा गट घेते, त्यामुळे माझ्याकडे जे चाललं ते सविस्तर लिहिते.

सुरुवात भाषणाने नको. मुलीचं बालभारतीचं पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका असते, ती तिला मोठ्याने वाचायला सांगा, आणि शेवटापर्यंत थांबू नका. तिथे लिहिलंय, 'आज दिनांक सव्वीस नोव्हेंबर, १९४९ रोजी'. माझ्याकडे चौथीतला एक मुलगा इथपर्यंत आला आणि म्हणाला, बाई, पुस्तकात छापायची चूक झालीये, जानेवारी पाहिजे. मी उत्तर दिलं नाही, पुढच्या शनिवारी बोलू म्हटलं, तर आठवडाभर त्याने घरातल्या प्रत्येकाला विचारून हैराण केलं आणि त्याच्या आजोबांनी मला फोन करून विचारलं की खरंच, दोन महिने का थांबले हो? मुलं अशी प्रश्नाला चिकटली की पुढचं सगळं ती आपणहून ऐकतात, मग आवाज चढवावा लागत नाही.

आता ती गोष्ट. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, तिथे पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. म्हणजे थोडे हक्क द्या, थोडा कारभार द्या असं मागणं संपलं, पूर्ण स्वातंत्र्यच पाहिजे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, कडाक्याच्या थंडीत, रावी नदीच्या काठावर तिरंगा फडकवला. आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळायचा ठरला, जानेवारीतला शेवटचा रविवार होता तो. गावोगाव लोकांनी जमून प्रतिज्ञा घेतली. स्वातंत्र्य मिळालेलं नव्हतं हं, तरी लोक वर्षानुवर्षं २६ जानेवारीला स्वातंत्र्यदिन पाळत राहिले. (इथे मुलं नकाशात लाहोर शोधतात आणि 'हे तर पाकिस्तानात आहे' म्हणून ओरडतात. फाळणीचं दुसरीतल्या मुलाला एका वाक्यात सांगा, तेव्हा एकच देश होता आणि नंतर दोन झाले. मोठ्यांना वेळ काढून, वेगळ्या दिवशी.)

मग प्रत्यक्ष स्वातंत्र्य आलं ते १५ ऑगस्टला, आणि ती तारीख धरली शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी, जपानच्या शरणागतीचा तो दिवस होता म्हणून. म्हणजे सतरा वर्षं जपलेली आपली तारीख तशीच राहून गेली. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, पण संपूर्ण लागू करायला दोन महिने थांबले, त्या जुन्या तारखेचा मान राखायला. हे ऐकल्यावर त्याच चौथीतल्या मुलाने विचारलं, म्हणजे १५ ऑगस्ट त्यांनी ठरवला आणि २६ जानेवारी आपण? मला आजवर कुणी इतक्या थोडक्यात हे सांगितलेलं नाही. त्यामुळे कार्यक्रमात कुणी मोठं माणूस माइकवर 'आजच्या दिवशी आपल्याला स्वातंत्र्य मिळालं' म्हणालं, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, तर घरी गेल्यावर मुलांशी त्यावर नक्की बोला, पोरं चुकीचं तेच लक्षात ठेवतात.

झेंड्याचं म्हणाल तर 'केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती' हे शाळेत पाठ करून घेतातच, ते असू दे, पण मला वाटतं मुलांना हे कळायला हवं की झेंडा असा आयता आभाळातून पडलेला नाही, माणसांनी बसून, वाद घालून, बदलत बदलत ठरवलाय. यासाठी आपल्या पुण्यात एक अप्रतिम वस्तू आहे. परदेशात राहून स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत स्टुटगार्टला, जगभरातले समाजवादी जमलेल्या परिषदेत भारताचा झेंडा फडकवला होता ना, तो नंतर स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला आणि आज तो नारायण पेठेत केसरीवाड्यात आहे. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' लिहिलंय. मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा एकच प्रश्न येतो, चक्र कुठेय? जाण्याआधी तेवढी वेळेची चौकशी करून जा.

चक्र कुठून आलं याचा एक प्रयोग सांगते, दुसरीतल्यालासुद्धा जमतो. १९३१ साली काँग्रेसने जो झेंडा मान्य केला त्याच्या मधोमध चरखा होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने आताचा झेंडा स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतलं. नेहरूंनी सभेत जे कारण दिलं त्यात एक अगदी व्यवहारातलं होतं, चरख्याचं चाक एका बाजूला आणि चाती, म्हणजे सूत गुंडाळायची काडी, दुसऱ्या बाजूला, त्यामुळे झेंडा मागून बघितला की चित्र उलटं दिसणार. मुलांना ट्रेसिंग पेपरवर स्केचपेनने चरखा काढायला द्या आणि खिडकीच्या काचेला लावून दोन्हीकडून बघायला सांगा, मग चक्र काढून तेच करायला सांगा. चक्र दोन्हीकडून सारखंच! त्या दिवशी आमच्या खोलीत जो गलका झाला तो मला अजून आठवतो. सहावीतलीला कोनमापक द्या, २४ आरे आहेत तर दोन आऱ्यांमध्ये किती अंश, १५ येतात, आणि झेंडा ३:२ म्हणजे ३० सेंटीमीटर लांब तर २० रुंद. एकदा स्वतःच्या हाताने २४ आरे मोजून काढले की ते मूल झेंडा काढताना चक्रात भसाभस रेघा मारत नाही.

राजमुद्रेला मी फार वेळ देत नाही, हातात एक नाणं द्यायचं आणि सिंह किती ते विचारायचं. तीन दिसतात, चौथा मागे आहे, मूळ खांब सारनाथला. पुरे तेवढं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. संविधान मुलांना कसं सांगायचं? 'जगातलं सर्वात मोठं लिखित संविधान, २ वर्षं ११ महिने' वगैरे प्रश्नमंजुषेला ठीक आहे, पण त्याने आत काही हलत नाही. मी पाण्यापासून सुरू करते. गंज पेठेत फुलेवाड्यात जा. जोतिबांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, तो याच वाड्यात. तिथे उभं राहून विचारा, तहान लागलीये, समोर पाणी आहे, आणि तू अमक्या घरात जन्मलीस म्हणून तुला हात लावायचा नाही, तर? मुलं एकदम गप्प होतात. मग २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं, बाबासाहेबांनी हजारो लोकांसोबत जाऊन ओंजळीने पाणी प्यायलं ते सांगा. आणि मग संविधानातलं १५ वं कलम काढा, त्यात सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. ज्यांना त्या तळ्यावर पाणी प्यायची बंदी होती तेच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्या पुस्तकात विहीर आणि तलाव हे शब्द आहेत. एका मुलीने तेव्हा विचारलं, म्हणजे आता असं कुठेच होत नाही ना? मी खोटं सांगितलं नाही. होतं, म्हटलं, पण आता ते गुन्हा आहे आणि तुला तक्रार करता येते. ताई, असा प्रश्न आला की टाळू नका.

दुःखाच्या गोष्टी सांगाव्या का असंही तुम्ही विचारलंय. सांगाव्या, वय बघून. आगाखान पॅलेसला मी मोठ्या गटाला नेते. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाईंना पकडून तिथे ठेवलं आणि सहाच दिवसांत महादेवभाई गेले. तारीख १५ ऑगस्ट. पाटीवरची तारीख मुलं वाचतात, मनात वर्षं मोजतात, बरोब्बर पाच वर्षं आधी, मी काही बोलत नाही. कस्तुरबासुद्धा तिथेच गेल्या, २२ फेब्रुवारी १९४४ ला, शेजारीच समाधी आहे. दुसरीतल्याला एवढं नको, त्याला मंडईजवळून जाताना बाबू गेनू चौक दाखवा आणि सांगा की हा आपल्याच जिल्ह्यातल्या म्हाळुंगे पडवळचा मुलगा, मुंबईला गिरणीत कामाला होता, परदेशी कापडाचा ट्रक अडवायला रस्त्यात आडवा झाला आणि हटला नाही. १२ डिसेंबर १९३०. काय झालं पुढे ते तो विचारेल तेव्हा सांगा, शांतपणे, त्याच्याजवळ बसून. आणि इंग्रज अधिकाऱ्याला गोळी घालणारे चाफेकर बंधू बरोबर का अहिंसेवाले गांधीजी बरोबर असं मोठी मुलं विचारतात तेव्हा घाईने निकाल देऊ नका, आपल्या इथे चिंचवडला चाफेकरांचा वाडा आहे आणि नगर रोडला आगाखान पॅलेस, दोन्ही बघू द्या, वाद घालू द्या.

आता तुमच्या दहा मिनिटांचं. दहा मिनिटांत यातलं एकच घ्या, 'पुस्तकात २६ नोव्हेंबर का लिहिलंय', बाकीचं वर्षभर सुट्ट्या आहेतच. प्लॅस्टिकचे झेंडे आणू नका, कागदी आणा, आणि कार्यक्रम संपताना मुलांनाच एक खोकं देऊन सगळे परत गोळा करायला सांगा, ध्वजसंहितेत कागदी झेंडा जमिनीवर टाकायला मनाई आहे हे त्यांना सांगितलं की ती शेजारच्या काकांच्या गाडीवरचासुद्धा मागून आणतात. आणि उद्देशिका मोठ्यांपैकी कुणी वाचू नका, तुमच्या मुलीला वाचू द्या, फक्त 'अंगीकृत आणि अधिनियमित' आणि 'स्वतःप्रत' हे शब्द आठवडाभर आधीपासून रोज घरी म्हणून घ्या, सगळी मुलं तिथेच अडखळतात, आणि 'स्वतःप्रत अर्पण' म्हणजे कुणी कुणाला दिलं हे तिने विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी तिला काय वाटतं ते ऐकून घ्या, आणि इथे मलाही कळवा.