मुलगी बारावीला आहे. एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, जाऊन जैविक हल्ल्यांविरुद्धच्या संशोधनात करिअर होतं का, की पुण्यात ते सगळं कागदावरच आहे?

'कागदावरच' म्हणालात म्हणून लिहायला बसले, एरवी मी करिअरच्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही.

मी पुण्यात एका लष्करी प्रयोगशाळेत टेक्निशियन होते, आता निवृत्त. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पावडर घातलेली पत्रं टपालाने गेली, ५ माणसं दगावली, १७ आजारी पडली, आणि इकडे ज्याला त्याला पाकिटात पांढरं काहीतरी दिसायला लागलं. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडेही एका कचेरीतून असं पाकीट आलं. दोन पिशव्यांत गुंडाळलेलं, वर इतकी चिकटपट्टी की ती सोडवेपर्यंत ग्लोव्हजमध्ये हात घामाने भिजले. सेफ्टी कॅबिनेटमध्ये उघडलं, ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीच्या प्लेटवर, लावलं, घरी गेले, पण जेवण काही गेलं नाही.

सकाळी प्लेटवर ग्रोथ! करड्या, खरखरीत, कडा विस्कटलेल्या कॉलनी. स्लाइडवर ग्रॅम पॉझिटिव्ह रॉड्स, म्हणजे रंग धरून ठेवणारे कांडीसारखे जंतू. अँथ्रॅक्सही असाच दिसतो. साहेब मागे येऊन उभे राहिले, तोंडातून शब्द नाही. मी झाकण न काढता प्लेट उजेडासमोर धरली. प्रत्येक कॉलनीभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं पडलं होतं. अँथ्रॅक्स सहसा असं करत नाही. मग हँगिंग ड्रॉप लावला, म्हणजे काचेवर लटकत्या थेंबात जिवंत जंतू हलतात का ते पाहिलं, तर जंतू मासोळीसारखे सुळसुळ पळताहेत. अँथ्रॅक्सचा जंतू जागचा हलत नाही. म्हणजे हा त्याचा मातीतला भाऊबंद, बॅसिलस सिरियस. तरी उरलेल्या चाचण्या होईपर्यंत साहेबांनी रिपोर्टवर सही केली नाही, आणि बरोबरच केलं. पावडर रांगोळीची होती, कुणीतरी हौसेने शुभेच्छापत्रात घातलेली.

भाऊबीजेला फराळ करता करता माझे दीर म्हणाले, "वहिनी, रांगोळीच निघाली ना? मग इतके दिवस सरकारी खर्चाने केलंत काय?" सगळे हसले. भावजींचा भोसरीत कारखाना आहे. तिथे माल तपासून 'खोट नाही' म्हणणाऱ्या माणसाला ते पगार देतात. तो काम करतो, आणि आम्ही रांगोळी बघत बसतो! 'नाही' हा खात्रीचा रिपोर्ट आला नसता तर ती कचेरी उघडली असती का? १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्कला लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्स बाहेर पडला, किमान ६६ माणसं गेली. काढलेला फिल्टर परत बसवायचा राहून गेला होता, असं सांगतात. मोठमोठे शास्त्रज्ञ काय करणार तिथे?

आता तुमचं. एएफएमसी आधी डॉक्टर घडवते. नीटची परीक्षा, मुलाखत, एमबीबीएस आणि मग लष्करातली नोकरी बंधनकारक. संशोधन म्हणाल तर पुढे मायक्रोबायॉलॉजीत एमडी वगैरे. पुण्यात पाषाणला सगळ्यात कडक सुरक्षेची बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे, ती एनआयव्हीची, म्हणजे विषाणू संशोधन संस्थेची; ती आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेखाली येते, लष्कराची नव्हे. पण २०१८ मध्ये केरळात वटवाघळांतून येणारा निपाह विषाणू आला तेव्हा खात्रीसाठी नमुने पुण्याला आले. हल्ला असो की वटवाघूळ, जंतू ओळखायची रीत तीच. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचं या विषयातलं काम ग्वाल्हेरला, तिच्या डीआरडीई या प्रयोगशाळेत चालतं, तेव्हा पुणंच हवं हा हट्ट सोडा. शस्त्रं बनवण्याचं तर डोक्यातूनच काढा, जैविक शस्त्रबंदीचा करार भारताने १९७४ मध्येच मान्य केलाय.

मुलीला रोज त्याच त्या प्लेट बघायचा कंटाळा येणार असेल तर सरळ सर्जरीला घाला. तिथे टाळ्या मिळतात.

बॉण्ड, वयाची अट, मुलींच्या जागा हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, माझ्या वेळचं काही धरून चालू नका. आणि डॉक्टरच व्हायला पाहिजे असं कुठे आहे? एनआयव्हीत काय, डीआरडीईत काय, एमएस्सी-पीएचडीवाले भरपूर आहेत. फक्त हे तिच्या काकांना विचारायला जाऊ नका.