साथीच्या काळात मुलांना शाळेत पाठवावं का? शाळेने नेमकं काय करायला हवं?

तुम्ही विचारलंय की मुलगी दुसरीत आहे, कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर तिला शाळेत पाठवावं का, आणि शाळेने काय केलं म्हणजे आपण निर्धास्त राहायचं. निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही. पण सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षं काढली, कोरोनातही तिथेच होते. तेव्हा आम्ही काय केलं, त्यातलं किती वाया गेलं आणि काय कामी आलं, एवढं सांगते.

वाया गेलेलं आधी. १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. माझ्याकडे दुसरी होती. या पोरांची नावं जून २०२० मध्ये दाखल झालेली, म्हणजे दुसरीत येऊन बसली तरी त्यांनी शाळेचं दार आतून पाहिलेलं नव्हतं. आम्ही आठवडाभर शाळा धुवून काढत होतो. ग्रामपंचायतीचा शिपाई डाळिंबावर औषध मारायचा पंप पाठीला अडकवून वर्गावर्गातून हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचं ब्लीचसारखं औषध, फवारत फिरला. दोन दिवस आमचे डोळे चुरचुरत होते. मग दारात थर्मल गन, कपाळाला न टेकवता ताप मोजणारी. पोरं वाडीवरून गार वाऱ्यात चालत आलेली, कपाळं थंडगार. निरोगी अंगाचा आकडा ९८ च्या आसपास हवा, इथे यायचा ९४, ९३. एकाला तर ९१ आलं. मीही ते इमानेइतबारे रजिस्टरला लिहिलं. ९१ ताप असलेलं पोर समोर उभं राहून दात काढून हसतंय, हे लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नाही.

हा आजार फरशीवरून फारसा पसरत नव्हता. बोलताना, खोकताना, पाढे ओरडताना तोंडातून जे बारीक कण निघतात ते बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, खरी भीती त्यांची. आणि आमच्या वर्गाची अवस्था काय? पूर्वेला दोन खिडक्या, पश्चिमेला दोन. पश्चिमेच्या एका खिडकीपुढे लोखंडी कपाट, त्यात निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतचे सगळे कागद. दुसरीची कडी गंजलेली, आणि रात्री कुणी आत शिरू नये म्हणून बाहेरून पत्रा ठोकलेला. वारा आत आला तरी त्याला बाहेर पडायला वाट नाही.

एका शनिवारी पोरं गेल्यावर मी वर्गाच्या मधोमध पाच उदबत्त्या लावल्या आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने फक्त पूर्वेच्या खिडक्या उघडल्या. कवडशात धूर स्पष्ट दिसत होता. पुढे तो हलत होता, पण मागच्या बाकांवर ढिम्म. मग दोघा शिक्षकांना बोलावून कपाट ढकललं, पत्र्याचे खिळे उपटले. पश्चिमेची खिडकी उघडल्याबरोबर धूर बाकांवरून सरकत बाहेर निघाला, थोड्याच वेळात खोली निवळली. शास्त्रज्ञ हसतील, पण सरपंचांना दाखवायला एवढं पुरलं. सोमवारी वेल्डिंगवाला आला.

तुमची शाळा शहरात असेल तर आणखी एक बघा. वर्ग एसी आहे म्हणून खूश होऊ नका. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. ज्या शाळेला एसी परवडतो तिला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्रही परवडतं. बाहेरच्या हवेत त्याचा आकडा साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. वर्गात तो १००० च्या वर गेला की समजायचं, मुलं एकमेकांनी सोडलेला श्वासच पुन्हा घेताहेत. त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणजे बाहेर बसवणं. गोष्ट, कविता, पाढे, जे जे मोठ्याने करायचं ते आम्ही कडुलिंबाखाली नेलं. यात नवं काही नाही. क्षयाच्या भीतीने १९०८ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला मोकळ्या हवेतली शाळा काढली होती, आणि तिथे थंडी आपल्यासारखी गुलाबी नसते.

आता माझी स्वतःची चूक. उपस्थिती वाढावी म्हणून मी महिनाभर शंभर टक्के हजेरी लावणाऱ्याला कंपासपेटी जाहीर केली होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगा दुपारी बाकावर डोकं टेकून बसला. हात लावला तर अंग फणफणलेलं. सकाळी गनने ९५ दाखवलं होतं, कारण आईने गोळी देऊन पाठवलं होतं. त्याला घरी सोडायला गेले तेव्हा वाटेत म्हणाला, "बाई, आजची हजेरी लावा हां." कंपासपेटीसाठी त्याने ताप लपवला होता, आणि ती कंपासपेटी मी दाखवलेली होती. पुढे आठवडाभर त्याच्या बाकावरच्या आणि आजूबाजूच्या मुलांकडे बघताना माझी काय गत झाली असेल ते सांगत नाही.

त्याच्या आईला तरी काय बोलणार? कांद्याच्या खुरपणीला गेली नाही तर दिवसाची हजेरी बुडते, तीही हजेरीच. तापलेलं पोर घरी कुणाजवळ ठेवायचं? आजीजवळ. आणि कोरोनात सगळ्यांत जास्त धोका कुणाला, तर त्या आजीलाच. ही गाठ आम्हाला शेवटपर्यंत नीट सुटली नाही. केलं ते एवढंच: बक्षीस रद्द केलं. आजारपणाची गैरहजेरी मोजणार नाही, कुणाला रागावणार नाही, असं पालकसभेत तीनतीनदा सांगितलं. घरी राहिलेल्या पोराचा पोषण आहाराचा कोरडा तांदूळ आणि डाळ घरपोच केली. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई दुसऱ्या दिवशी दारात जाऊन यायच्या. यानंतर पालक स्वतः फोन करून "आज पाठवत नाही" म्हणायला लागले. माझ्या मते शाळेने केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट ही, आणि हिला पैसे लागत नाहीत. आजारी मूल घरी थांबलं तर त्याचं काही नुकसान होणार नाही, हे घरच्यांना पटलं पाहिजे.

मास्कबद्दल थोडक्यात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनेही म्हटलं होतं. दुसरीतली मुलं लावतात, पण दुपारपर्यंत तो शेंबडाने ओला होतो. माझ्या वर्गात दोघांनी मधल्या सुट्टीत मास्क अदलाबदल केले, कारण एकावर स्पायडरमॅन होता. तेव्हा दप्तरात दुसरा कोरडा मास्क द्या, आणि शक्यतो बिनचित्राचा.

आणखी एक. कोरोनात बहुतेक मुलं हलक्यावर निभावली, म्हणून पुढची साथही तशीच असेल असं धरून चालू नका. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातली १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. फ्लू मुलांमध्ये झपाट्याने पसरतो आणि मुलांकडून घरोघरी जातो. तशी साथ आली तर काही दिवस शाळा बंद ठेवणंच शहाणपणाचं ठरेल, आणि तेव्हा मी शाळा उघडा म्हणून भांडणार नाही. गोवरचं गणित पुन्हा वेगळं. कोरोनाच्या गडबडीत कितीतरी बाळांच्या लसी चुकल्या, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला. घरात धाकटं असेल तर नवव्या महिन्यातला आणि दीड वर्षाच्या आसपासचा गोवर-रुबेलाचा डोस झालाय का ते कार्डावर बघा. मुलीचाही राहिला असेल तर आरोग्य केंद्रात विचारा. दहाव्या वर्षीचं टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन लक्षात ठेवा, ते बहुतेक घरांत विसरतात.

मग पाठवावं का? कोरोनासारखी साथ असेल, वर्ग हवेशीर असेल आणि घरात फार आजारी म्हातारं माणूस नसेल तर मी पाठवीन. बंद शाळेचं नुकसान मी जवळून पाहिलंय. माझ्या दुसरीतल्या निम्म्या पोरांना पेन्सिल धरता येत नव्हती. शेजारच्या हायस्कुलात नववीच्या वर्गात दोन मुली परत आल्याच नाहीत, एकीचं लग्न उरकलं होतं. मोबाइलवरचे तास आमच्याकडे कुणाला मिळाले? ज्याच्या बापाकडे फोन आणि फोनमध्ये रेंज, त्याला. तोही बाप संध्याकाळी रानातून परत आल्यावर.

साथ येण्याची वाट न बघता पुढच्या पालकसभेला थोडं आधी जा. मुलीच्या बाकावर बसा आणि तिथून जवळची खिडकी कोणती, ती उघडते का, तिच्या समोरच्या भिंतीला दुसरी आहे का ते बघा. उघडत नसेल तर मुख्याध्यापकांना सांगा, आणि महिन्याने पुन्हा जाऊन बघा. मी निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी एका कार्यक्रमाला शाळेत गेले होते. पश्चिमेच्या खिडकीपुढे कपाट परत आलेलं होतं, आणि आता त्याच्यावर पृथ्वीचा गोलही ठेवला होता.